दवाखान्यातली भांजगड

एका डॉक्टरने माझ्याशी सौदा केला आणि मिटलेला सौदा मोडला. फसवणारा तो, फसलेला मी. तो तेव्हा शिकलासवरलेला, सरकारी पगाराचा माणूस. मी बारा वर्षांचा, फार तर तेरा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मी बोलायला लागलो की लोक मध्येच विचारतात, "अरे, पण तीर तूच मारला होतास ना?" हो. मीच मारला होता. त्याला मी कधीच नाही म्हटलं नाही. तिथेच तर सगळं फसलं.

"तोंड उघड," डॉक्टर म्हणाला.

मी उघडलं. त्याने अंगठा आत घालून माझा ओठ वर केला. मग बोट घातलं, पार मागच्या दाढेपर्यंत. बोटाला औषधाचा कडू वास होता.

"आणखी उघड."

दाराशी दुभाष्या उभा होता. तो खालच्या मुलखातला, शहाद्याकडचा, आमची भिलोरी अर्धीमुर्धी बोलणारा. तो शिपायाला म्हणाला, "बैलना दात दखी ऱ्हायनात साहेब."

शिपाई हसला. डॉक्टरही हसला, बोट माझ्या तोंडात तसंच ठेवून.

मग हात वर करायला लावले. काखा पाहिल्या. हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि वरच्या ओठावर लव आहे का ते पाहिलं. पाठीवर थाप मारली, दंड दाबला. माझ्या तोंडातून लाळ गळत होती. ती पुसायला हात खाली घेतला तर शिपायाने हातावर छडी मारली. अंगावर लंगोटी होती तेवढीच. बाहेर व्हरांड्यात औषधाला आलेली बायामाणसं बसली होती आणि दार सताड उघडं होतं. त्यांच्यात माझी आईही होती. ती सगळं पाहत होती.

बाजारात गुरांचं असंच करतात. पण गुराला निदान विकत घेणारा माणूस पाहतो. मला कुणी घेणार नव्हतं. मला कुठे टाकायचं, एवढंच ठरायचं होतं.

तीर का मारला ते सांगतो. आमचं गाव म्हसावदच्या वर, डोंगरात. जंगलखात्याचा नाकेदार नाक्यावर बसायचा. आई सरपणाची मोळी घेऊन उतरत होती आणि मी मागे होतो. नाकेदाराने मोळी टाकायला लावली. कुऱ्हाड काढून घेतली आणि ती तिच्याच डोक्यावर आडवी ठेवून तिला ऊठबस करायला लावली. कुऱ्हाड पडली की पुन्हा पहिल्यापासून. नाक्यावर बैलगाड्या थांबल्या होत्या. गाडीवाले बघत होते. एकजण मोठ्याने मोजत होता. आईचं लुगडं सुटत होतं, ते आवरायला हात लावला की कुऱ्हाड पडायची.

माझ्या खांद्याला तीरकामठा होता. तीर त्याच्या मांडीत बसला.

मला धरलं. मारलं. खाली तालुक्याला आणलं. कच्चेरीतल्या साहेबाने पाहिलं की मी कितीचा आहे हे कुणालाच सांगता येत नाही. आई सांगत होती. मानमोडीच्या साथीत गाव अर्धं झालं, तेव्हा मी तिच्या पोटात होतो. याहून चांगला पुरावा कुठला हवा? ती साथ सगळ्यांना आठवत होती, साहेबालाही आठवत असणार. पण दुभाष्याने तेवढं सांगितलंच नाही. "तिले काही समजत नही, साहेब," एवढंच तो म्हणाला. मग साहेबाने मला डॉक्टरकडे पाठवलं. दात तपासायचे आणि डोकंही तपासायचं. पोराची समज पोराची आहे की मोठ्या माणसाची, ते डॉक्टरने सांगायचं.

दवाखान्याच्या वाटेवर शिपायाने मला समजावलं. तो माणूस वाईट नव्हता. "दख रे पोऱ्या," तो म्हणाला, "ल्हाना ठरना तर पोरेस्नी शाळामा धाडतीन. मोठा ठरना तर मोठा कोर्टमा, मंग मोठा जेलमा. समजनं का?"

समजलं होतं. पण मला ना शाळा हवी होती ना जेल. मला घरी जायचं होतं. घरी जायची एकच वाट मला माहीत होती.

ती वाट म्हणजे भांजगड. आमच्यात भांडण झालं, कुणी कुणाला मारलं, कुणाची बाई कुणी पळवली, तर दोन्हीकडची माणसं झाडाखाली बसतात. मध्ये भांजगड्या बसतो. तो इकडचं तिकडे करतो, तिकडचं इकडे करतो, भाव वाढवतो, उतरवतो, आणि शेवटी नुकसान भरून देऊन मिटवतो. माझा बाप भांजगड्या होता. चार गावांत त्याला बोलावणं यायचं. मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला. बाप तापाने गेला तेव्हा मी लहान होतो, पण भांजगडीची रीत मला पाठ होती.

पहिली रीत ही की केलेलं कबूल करायचं. जो नाकारतो त्याला त्या झाडाखाली जागाच नाही. त्याच्याशी कोण बोलणार? दुसरी रीत, समोरचा मागेल ते लगेच द्यायचं नाही आणि लगेच नाकारायचंही नाही. गप्प बसायचं. तिसरी, आपल्यावर झालेला अन्यायही मांडायचा आणि तो मागणीतून वजा करून घ्यायचा. आणि शेवटची रीत. मिटलं की दारूचे थेंब जमिनीवर सांडायचे, मग सगळ्यांनी प्यायचं. थेंब सांडल्यावर ती गोष्ट पुन्हा कुणी काढायची नाही. काढली तर त्याच्या शेकोटीला कुणी बसत नाही.

दात पाहून झाल्यावर डॉक्टर खुर्चीत बसला. मला समोर उभं केलं आणि प्रश्न सुरू झाले.

"राजा कोण?"

मी गप्प.

"वार सांग. सोमवार, मंगळवार..."

मला म्हसावदच्या बाजाराचा वार माहीत होता. बाकीच्या वारांशी आम्हाला काय करायचं होतं? मी गप्प.

"चोरी केली तर काय होतं?"

कुणी कुणाची केली, ते सांगितल्याशिवाय काय होतं हे कसं सांगणार? मी गप्प.

"मुका शे का रे तू?" दुभाष्या खेकसला. "साहेब काय इचारी ऱ्हायना?"

डॉक्टर कंटाळला होता. त्याने लेखणी कपाळाला टेकवली आणि म्हणाला, "मंद दिसतोय. दातही पोराचेच आहेत."

ते मराठी मला कळलं. बाजारात फिरणाऱ्या पोराला कानांपुरती मराठी येतेच. मंद हा शब्द कळला आणि माझं डोकं तापलं. माझ्या बापाला चार गावांत बोलावणं यायचं आणि हा मला मंद म्हणतो. आता विचार करतो तेव्हा कळतं की ती घटका माझी होती. तशीच जाऊ दिली असती, आणखी जरा वेळ दगडासारखा उभा राहिलो असतो, तर त्याने लिहिलं असतं, पोर आहे, समज नाही, शाळेत पाठवा. सुटलो असतो.

पण डॉक्टर तेवढ्यावर थांबला नाही. तो हुशार माणूस. त्याने दुभाष्याला विचारलं, "यांच्यात मारामाऱ्या झाल्या की मिटवतात कशा?"

दुभाष्याने सांगितलं. डॉक्टर ऐकत गेला, मध्ये दोनतीनदा त्याने पुन्हा विचारून घेतलं. मग खुर्चीवरून उठला, बुटकं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसला. आता आमची डोकी सारख्या उंचीवर आली. मलाही बसायला लावलं.

"चल," तो म्हणाला. "आपण भांजगड करू."

त्या खोलीत माझ्या ओळखीचा तेवढा एकच शब्द होता. तो त्याच्या तोंडून आला. मला वाटलं, सरकारने भांजगड्या पाठवलाय. मघाशी दात पाहिले ते विसरलो. पाठ सरळ केली. बाप बसायचा तसा बसलो, एक गुडघा वर, हात गुडघ्यावर. आमच्याकडून बोलायला दुसरा पुरुष नव्हता. बोलायचं काम माझं होतं. आवाजही मी जाड केला.

"नाकेदार लंगडा झालाय," डॉक्टर म्हणाला. दुभाष्या सांगत होता. "तो एक बैल मागतो."

मी बापासारखा गप्प बसलो. बराच वेळ. डॉक्टरने घाई केली नाही. तोही शिकत होता.

मग मी विचारलं, "पाय कापला का?"

"नाही."

"चालतो का?"

"काठी घेऊन चालतो."

"काठी टाकून देईल," मी म्हणालो. "ज्याचा पाय उद्या बरा होणार त्याला बैल कुणी देत नाही."

डॉक्टरच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. मला वाटलं, माझं बोलणं त्याला पटलं.

"मग काय देशील?"

"आधी माझ्या आईचं मांडा. त्याने तिला नाक्यावर कुऱ्हाड डोक्यावर ठेवून ऊठबस करायला लावली. ते वजा करा."

"करू वजा," डॉक्टर म्हणाला. "पण तीर लागला तर पाय जायबंदी होईल, हे तुला माहीत होतं?"

आता मला हसू येतं. रडूही येतं. मी मान ताठ करून सांगितलं, "माहीत होतं. म्हणून तर पायावर मारला. छातीवर मारला असता तर माणूस मेला असता. मेलेल्या माणसाची भांजगड फार मोठी होते. तेवढं आमच्याकडे नाही."

डॉक्टर लिहू लागला.

"म्हणजे मारताना तू हा विचार केला होतास?"

"विचार न करता तीर कोण मारतो?"

दुभाष्याने ते सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्याला कळलं होतं. मला वाटतं, तो गप्प बसला असता किंवा उलटंसुलटं सांगितलं असतं तर मी वाचलो असतो. आईचं बोलणं त्याने अर्धं गिळलं होतं. माझं मात्र शब्दाला शब्द सांगितलं.

आम्ही खूप वेळ भाव केला. बैलावरून गोऱ्हा झाला, गोऱ्ह्यावरून शेळ्या झाल्या. डॉक्टर मागायचा, मी तोडायचो. तो म्हणायचा, नाकेदार गरीब आहे, त्याला पोरं आहेत. मी म्हणायचो, त्याला पगार आहे, आमच्या कोंबड्या तो फुकट नेतो. शेवटी दोन शेळ्या आणि दारूचं एक मडकं, एवढ्यावर आलं. त्याच्याखाली तो येत नव्हता. मीही जास्त ताणलं नाही, बाप म्हणायचा की समोरच्याला रिकाम्या हाताने उठवायचं नाही.

"मिटलं?" डॉक्टरने विचारलं.

"मिटलं."

"मिटल्यावर काय करतात तुमच्यात?" त्याने दुभाष्याला विचारलं. दुभाष्याने सांगितलं. डॉक्टर उठला, कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि माझ्या हातात दिला. स्वतःच्या हाताने. "दारू नाही इथे. पाणी चालेल?"

मी पाण्याचे थेंब फरशीवर सांडले. उरलेलं अर्धं प्यालो आणि पेला त्याच्याकडे केला. त्यानेही प्यायचं होतं. त्याने पेला घेतला, खिडकीबाहेर ओतला, आणि लिहायला बसला.

तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. नाही कळलं. मला वाटलं, मोठ्या लोकांचं मोठं असतं, उष्टं पीत नसतील.

बाहेर येऊन आईला म्हणालो, "मिटलं. दोन शेळ्या आणि मडकं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाला लागलेलं रक्त पदराने पुसलं, ओठ आतून फाटला होता. "बापासारखं केलंस," ती म्हणाली. तिच्याकडे दोनच शेळ्या होत्या. त्या आणायला ती तशीच डोंगराकडे चालू लागली. शिपाई तिला काही सांगू पाहत होता. ती थांबली नाही.

कच्चेरीत पुन्हा उभा केला तेव्हा डॉक्टर आला होता. धुतलेला कोट. मला पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. मीही हलवली. आमचं मिटलेलं होतं ना.

साहेबाने विचारलं आणि डॉक्टर मराठीत बोलला, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. "याचे दात लहान वयाचे वाटतात. पण दातांवर जाऊ नये. हा मुलासारखा बोलत नाही. कृत्याचा परिणाम काय होईल हे त्याला आधीपासून माहीत होतं. मारायची जागा त्याने विचार करून निवडली. शिक्षेचा भाव तो एखाद्या मुरलेल्या दलालासारखा करतो. मला त्याने बैलावरून दोन शेळ्यांवर आणलं."

कच्चेरी हसली. साहेबही हसला. कुणीतरी मागून म्हणालं, "डॉक्टरसाहेब, मग शेळ्या कोनी लेवाना?" पुन्हा हसू.

साहेबाने मला विचारलं, काही सांगायचं आहे का. दुभाष्याने मला आमच्या बोलीत विचारलं. मी डॉक्टरकडे बोट केलं.

"मिटलंय," मी म्हणालो. "त्याला विचारा. पाणी त्यानेच दिलं."

दुभाष्याने सांगितलं. साहेबाने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाला, "तो परीक्षेचा भाग होता. त्याच्या समजेची परीक्षा घ्यायला मला त्याच्या पद्धतीने बोलावं लागलं."

परीक्षा. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अर्थ कुणी सांगितला नाही, आपोआप कळला. मी झाडाखाली बसलो होतो आणि तो शिकारीला बसला होता. माझ्या बापाची रीत त्याने सापळ्यात घालायच्या भाकरीसारखी वापरली. आणि त्या सापळ्यात मी माझ्याच बोलण्याने अडकलो. जी माणसं मला आणि माझ्या आईला एरवी माणसात धरत नव्हती, त्यांनी शिक्षा द्यायच्या दिवशी मला पुरता माणूस ठरवला.

मोठ्या कोर्टात पाठवायचं ठरलं. तिथे मोठ्यांच्या बरोबर मोठ्यांची शिक्षा.

मला बाहेर काढलं तेव्हा अंगणात गडबड होती. आई आली होती. डोक्यावर मडकं, हातात दोन दोऱ्या. शेळ्यांनी कच्चेरीच्या दारातल्या कुंड्यांतली फुलं खाल्ली होती. दोन शिपाई शेळ्या ओढत होते आणि आई दोऱ्या सोडत नव्हती. "नाकेदाराच्या आहेत," ती म्हणत होती. "नाकेदाराला द्यायच्या आहेत." कुणाला कळत नव्हतं. तिच्या हातातून दोऱ्या ओढून घेतल्या आणि शेळ्या कोंडवाड्यात घातल्या. सरकारी फुलं खाल्ली म्हणून. मडकं पायरीवर फुटलं. जमीन सगळी प्याली.

आई मला म्हणाली, "मिटलं होतं ना?"

मला पुढे ढकललं.

तिला मी पुन्हा पाहिलं नाही. मी आत असताना ती गेली. शेळ्या कोंडवाड्यातून सोडवायला तिच्याकडे काही नव्हतं, त्यांचा लिलाव झाला असेल. नाकेदार काठी टाकून चालू लागला. मी म्हणालो होतो तसाच. माझा अंदाज बरोबर होता. पण बरोबर अंदाजाने सुटका होत नाही.

जेलात काय झालं ते मी लिहिणार नाही. लहान पोराला मोठ्या माणसांच्या बराकीत टाकल्यावर काय होतं हे ज्याला कळायचं त्याला कळेल. एवढं सांगतो की मी तिथे मराठी शिकलो. मिठासाठी आणि झेंड्यासाठी आत आलेले एक मास्तर होते. धुळीवर बोटाने अक्षरं काढून शिकवायचे. चांगला माणूस. पण माझ्या हातचं पाणी प्यायचे नाहीत. मी एकदा त्यांना डॉक्टरची गोष्ट सांगितली. ते विचार करून म्हणाले, "कायद्याने पाहिलं तर डॉक्टरने काम चोख केलं." मी बोटाने अक्षरं पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकायला बसलो. अक्षरं त्यांच्या बापाची नव्हती.

बाहेर आलो तेव्हा खरोखरच मोठा झालो होतो. डोंगरावर आमची झोपडी नव्हती. भांजगड्या व्हायची लाज वाटायची, झाडाखाली बसवत नव्हतं. बाजारात उतरलो. गुरांना पाणी दाखवलं, शेण काढलं, दोन दलालांच्या शिव्या खाल्ल्या, आणि त्यांच्या नाकावर टिच्चून तिसरा दलाल झालो. बैलाचा दलाल. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव करतात तो. बाजारात माझा भाव चालतो. मला फसवायला येणाऱ्याला मी उपाशी घरी पाठवतो. माझं डोकं लवकर फिरतं हे सगळ्यांना माहीत आहे. का फिरतं ते कुणी विचारत नाही.

मागच्या हिवाळ्यात तापीकाठच्या जत्रेत एक म्हातारा आला. शेती घेतलेली, पेन्शन असलेला, धोतरावर कोट. पांढऱ्या बैलावर त्याची नजर बसली. त्याच्या गड्याने मला बोलावलं. म्हातारा बैलाजवळ आला आणि मला म्हणाला, "तोंड उघड त्याचं."

तोच आवाज. मी बैलाचं तोंड उघडलं. म्हाताऱ्याने अंगठा घातला, ओठ वर केला, बोट मागे नेलं. माझ्या तोंडात कडू चव आली.

"चारदाती?" त्याने विचारलं.

"चारदाती."

रुमाल टाकला. त्याचा हात माझ्या हातात आला. म्हातारा झाला होता, कातडी सैल. पण बोटं तीच. त्याने भाव दाबला, मी बैलवाल्याकडे गेलो, परत आलो, पुन्हा दाबला. तो चांगला भाव करत होता. शेवटच्या बोटावर आलो. आता फक्त टाळी द्यायची होती.

मी हात काढून घेतला. मिटायच्या आधी काढला. मिटल्यावर मी मोडत नाही.

"काय झालं?" तो म्हणाला.

"तुमच्याशी मी सौदा करत नाही, साहेब. तुम्ही मिटलेला सौदा मोडता."

त्याला आठवेना. मी सांगितलं. नाकेदार, तीर, बैलावरून शेळ्या, पाण्याचा पेला. सांगताना माझा आवाज चढत गेला, भोवती माणसं जमली. तेव्हा त्याचा चेहरा उजळला. खरं सांगतो, उजळला. एखाद्या मास्तराला जुना विद्यार्थी भेटावा तसा.

"तो तू!" तो म्हणाला. "अरे, मला आठवतोस तू. किती जणांना मी तुझी गोष्ट सांगितली आहे." मग माझा रुमाल, माझं पागोटं, माझ्याभोवतीची माणसं पाहिली. "मी काय खोटं लिहिलं होतं? दलालासारखा भाव करतो म्हटलं होतं. बघ, झालास ना दलाल. माझं निदान बरोबर ठरलं."

माझे हात वर आले होते. कुणीतरी मागून धरले.

मी म्हणालो, "साहेब, वासरू अंगाने कितीही भरलं, कितीही चलाख असलं, तरी आदत, दुधाच्या दातांचं असताना कुणी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. ठेवलं तर मान जन्माची वाकडी होते. मग त्या वाकड्या मानेकडे बोट दाखवून म्हणायचं का, बघा, हा जन्मतः जुवाचाच होता?"

"तू चिडतोस उगाच," तो म्हणाला. "शाळेत गेला असतास तर आज कुठल्यातरी कच्चेरीत शिपाई असतास. भलंच झालं तुझं."

मी जत्रेभर ओरडत फिरलो. हा माणूस मिटलेला सौदा मोडतो, याला बैल देऊ नका. लोकांनी ऐकलं, माना डोलावल्या. एकजण म्हणाला, "जाऊ दे ना भो, जुनी गोष्ट शे." ऊन कलायच्या आत दुसऱ्या दलालाने टाळी दिली आणि पांढरा बैल म्हाताऱ्याच्या गाडीमागे बांधून गेला. त्याच्या शेकोटीला बसायला माणसं कमी पडली नसतील.

त्या दिवशी मला शेवटी कळलं. तो कधीच जाब देणार नाही, कारण त्याला जाब मागणारं झाडच त्याच्या मुलखात नाही. आणि तिकडे कच्चेरीत आजही डोंगरातली पोरं आणतात. राज्य बदललं म्हणतात. दवाखान्याचा व्हरांडा तोच आहे. दात तसेच पाहतात. डोकं तसंच तपासतात. डॉक्टर नवीन आहे, तोही हुशारच असेल.

मी आता एक काम करतो. डोंगरातलं पोर आणलंय असं कळलं की बाजार टाकून जातो. व्हरांड्यात त्याच्याजवळ बसतो. शिपायांना वाटतं मी मामाकाका आहे. मी त्याच्या कानात आमच्या बोलीत सांगतो, "काही कबूल करू नको. त्याने गोड विचारलं तरी बोलू नको. भाव करू नको. पाणी दिलं तर घेऊ नको. मुका हो. मंद हो. तुझ्या बापाने शिकवलं असेल ते सगळं विसर."

पोरं माझ्याकडे बघतात. एकाने विचारलं, "केलंय ते नाकारू? मग झाडाखाली कोण बसू देईल?"

मी त्याला सांगितलं, "आता झाड नाही."

ज्या माणसाच्या बापाला चार गावांत खरं बोलवून घ्यायला बोलावत, तो माणूस आज पोरांना खोटं बोलायला आणि मुकं राहायला शिकवतो. मी शिकवतो, आणि शिकवत राहणार. आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी मला यासाठी झाडाखाली बोलावलं तर मी जाईन, कबूल करेन, जो दंड सांगतील तो भरेन. एका अटीवर. समोर त्या डॉक्टरलाही बसवा. त्याच्या हातात पाण्याचा पेला द्या, आणि विचारा, त्या दिवशी तू तो माझ्या हातात का दिलास. माझ्या आईच्या दोन शेळ्या कुणाच्या होत्या, तेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत एकही थेंब जमिनीवर सांडू देऊ नका.